आधी किक मारू नका!

जिन्याखाली वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली स्कूटर तुमच्याही घरी असेल. बाबांची, आजोबांची, नाहीतर काकांची. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे वाचा. ती पुन्हा सुरू होऊ शकते, फक्त क्रम चुकवायचा नाही.

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा नीट फिरून बघा. लाइटच्या मीटरजवळ किंवा जिन्याखालच्या तिरक्या जागेत एक जुनी स्कूटर सापडेलच. दोन्ही टायर बसलेले, सीटवर मांजर झोपलेलं, हँडलला कुणाची तरी मोडकी छत्री. कुणाची म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. "अहो, चालू कंडिशनमध्ये ठेवली होती!"

आमची चेतक अशीच होती. बाबांनी 1991 मध्ये पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेली. 2011 पासून ती जागची हलली नव्हती. यंदा आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं आणि भाड्याच्या फ्लॅटला पार्किंग एकच. भंगारवाल्याने स्कूटरच्या वजनाचा अंदाज घेतला आणि अडीच हजार सांगितले. बाबा म्हणाले, "देऊन टाक." आणि आत गेले. दार जरा जोरातच लागलं.

मी भंगारवाल्याला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. तेव्हा स्पार्क प्लग कुठे असतो हेही मला माहीत नव्हतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, म्हणजे 'आपल्याला काय जमणार' हा प्रश्न पडणार नाही.

एवढं काय त्या डब्यात?

आज आपण शोरूममध्ये जातो, हप्ते ठरवतो आणि आठवड्याभरात गाडी घेऊन येतो. आपल्या आधीच्या पिढीला हे सांगून बघा, ते हसतील. बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला सुरुवात केली होती. तो करार संपल्यावर 1972 मध्ये चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. कारखाना आपल्या पुण्याजवळचा, आकुर्डीचा. किती गाड्या बनवायच्या हेही तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं. त्यामुळे बुकिंग केल्यावर गाडी हातात येईपर्यंत काही जणांची दहा-दहा वर्षं जायची. लग्न ठरताना बुक केलेली स्कूटर पोरगं शाळेत गेल्यावर दारात यायची.

पुढे मोटरसायकली आल्या, गिअर नसलेल्या स्कूटर आल्या आणि चेतक मागे पडली. 2009 मध्ये बजाजने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं. 2020 पासून रस्त्यावर दिसणारी चेतक बॅटरीवर चालते, तिला किकच नाही. म्हणजे जिन्याखालची ती जुनी स्कूटर गेली, की गेली.

पहिला धडा : हात मागे

जुनी गाडी दिसली, की आपण सगळे एकच चूक करतो. पेट्रोल ओततो आणि किकवर उभे राहतो. मीही पाय टाकलाच होता. नाना पेठेत स्पेअर पार्ट विचारत फिरताना टू-स्ट्रोक गाड्यांचे एक जुने मिस्त्री भेटले. त्यांनी फोटो बघितला आणि पहिलं वाक्य टाकलं, "ताई, आधी किक मारू नका."

कारण सोपं आहे. गाडी चालून जितकी झिजते, त्यापेक्षा जास्त उभी राहून सडते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. वर्षानुवर्षं तो एकाच जागी राहिला, तर तेलाचा थर सुकतो आणि गंज धरतो. अशा वेळी जोरात किक मारली, तर पिस्टनच्या रिंगा मोडू शकतात. सिलिंडरला ओरखडे पडले, तर खर्च तिप्पट.

म्हणून पहिल्या दिवशी एवढंच करा. उजव्या बाजूचं फुगीर झाकण काढा. आत इंजिन दिसेल. प्लगची कॅप ओढून काढा, प्लग पान्याने सोडवा आणि त्या भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा. रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हाताने हळूहळू खाली दाबा. मऊपणे गेली, तर इंजिन मोकळं आहे. अडली, तर जोर करू नका. आणखी थोडं तेल, आणखी एक रात्र.

आमची किक तिसऱ्या दिवशी खाली गेली. 'फुस्स' असा आवाज आला आणि भोकातून काळं तेल उडून माझ्या कुर्त्यावर आलं. तुम्ही जुना टी-शर्ट घाला.

तीन प्रश्न

इंजिन फिरतंय, मग गाडी सुरू का होत नाही? पेट्रोलच्या कुठल्याही इंजिनाला तीन गोष्टी लागतात : ठिणगी, पेट्रोल आणि हवा. बंद गाडीला हे तीन प्रश्न एकेक करून विचारायचे. एका वेळी एकच. एकदम चार पार्ट बदलले, तर बिघाड कुठे होता ते कधीच कळत नाही.

ठिणगी : प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हातात जाड रबरी मोजे हवेत आणि आसपास पेट्रोल नको, हे विसरू नका. निळी, टणक ठिणगी दिसली, तर उत्तम. आमच्याकडे काहीच दिसलं नाही. नवा प्लग आणला, तरी अंधारच.

दोष 'पॉइंट'मध्ये होता. जुन्या चेतकमध्ये मॅग्नेटच्या आत दोन छोटे धातूचे ठिपके असतात. ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. बंद गाडीत त्यांच्यावर पांढरट थर बसतो आणि वीज अडते. मॅग्नेटला खिडक्या असतात, त्यातून ते दिसतात. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरचा बारीक तुकडा दोन ठिपक्यांच्या मधून चार-पाच वेळा ओढायचा, मग स्वच्छ कागद ओढायचा. पूर्ण उघडल्यावर दोघांत साधारण 0.4 मिलिमीटर अंतर हवं. ते मोजायच्या पट्ट्या मिस्त्रींकडे असतात.

संध्याकाळी लाइट बंद करून पुन्हा किक मारली आणि निळी ठिणगी दिसली! बाबा तेव्हा सहज म्हणून खाली आले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते जिने टाळतात. म्हणाले, "पॉइंट घासलेस ना? मी दर दिवाळीला घासायचो." त्यानंतर ते वर गेलेच नाहीत. खुर्ची मागवली.

पेट्रोल : टाकीत उरलेलं जुनं पेट्रोल म्हणजे पेट्रोल नव्हेच. त्यातला उडून जाणारा भाग उडून जातो आणि खाली चिकट, वार्निशसारखा गाळ राहतो. वास घेतलात, तरी कळेल. टाकी पूर्ण रिकामी करा, आतून धुऊन घ्या, नळी बदलाच. ते पेट्रोल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

मग कार्बोरेटर. यात पितळेचे छोटे जेट असतात. त्यांची भोकं सुईच्या टोकाएवढी, आणि नेमकी तीच गाळाने बुजतात. पण ती साफ करायला सुई किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर गाडी कायम जास्त पेट्रोल पिईल. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या आणि हवा मारून घ्या. काढतानाचा प्रत्येक टप्पा मोबाइलवर शूट करा. जोडताना तोच व्हिडिओ उलटा बघायचा.

नवं पेट्रोल भरताना त्यात टूटी ऑइल मिसळायला विसरू नका. लिटरला 20 मिलिलिटर. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलबरोबर जे जाईल त्यावरच पिस्टन सरकतो. तेल विसरलात, तर केलेली सगळी मेहनत काही किलोमीटरमध्ये जळून जाईल.

हवा : फिल्टरची जाळी पेट्रोलमध्ये धुतली, की झालं. पण सायलेन्सरही बघा. धूर बाहेर पडला नाही, तर नवी हवा आत येणार कुठून? आमच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं अख्खं घर बांधलं होतं.

सुरू झाली, आता थांबते का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. इंजिनाच्या आवाजाने डोकं फिरतं आणि गाडी थेट रस्त्यावर निघते. जरा दम धरा.

ब्रेक, क्लच आणि गिअरच्या केबल आतून गंजलेल्या असतात, त्या बदला. टायर वरून चांगले दिसले, तरी बाजूला भेगा असतील तर टाकून द्या. आणि हे नीट वाचा : चेतकच्या चाकाची रिंग दोन भागांत नटबोल्टने जोडलेली असते. ते नट सोडवण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा. हवा भरलेली असताना नट सोडले, तर रिंग तोंडावर उडू शकते.

आणखी एक गंमत, जी आम्हाला महागात पडली असती. उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. तुम्ही क्लच दाबता, पण तो सुटतच नाही. इंजिन चालू असताना मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि स्कूटर मला घेऊन सरळ कुंड्यांवर गेली. दोन तुळशी आणि एक कोरफड शहीद झाली. बरोबर पद्धत अशी : इंजिन बंद ठेवा, गाडी गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबून ठेवा आणि गाडी पुढे-मागे हलवत राहा. थोड्या वेळाने प्लेटा सुटतात.

सगळं मिळून आमचे सहा हजारांच्या आसपास गेले. टायर-ट्यूब, केबल, प्लग, नळी, तेल आणि मिस्त्रींची मजुरी. भंगाराचे अडीच हजार मिळाले नाहीत, ते वेगळेच. पैशाच्या हिशेबात हा धंदा आतबट्ट्याचाच आहे. तो हिशेब आधी घरी मांडा, म्हणजे नंतर वाद नकोत.

कागदांची किक

खरी परीक्षा इथे आहे. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते. आमची मुदत 2011 मध्येच संपली होती. म्हणजे इंजिन कितीही गोड वाजलं, तरी ती गेटबाहेर चालवता येत नाही.

आणि भावनेच्या भरात एक गोष्ट विसरू नका. टू-स्ट्रोक इंजिनात जळायच्या आधीच थोडं ताजं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं, वर तेलही जळतं. तो निळा धूर फोटोत छान दिसतो, मागच्या सिग्नलवर उभ्या असलेल्याच्या छातीला नाही. त्यामुळे ही स्कूटर रोज कॉलेजला न्यायची वस्तू नाही. महिन्यातून एखादी रविवारची चक्कर, तीही पीयूसी काढून. त्यात बसत नसेल, तर रस्त्यावर आणू नका.

…आणि चौदावी किक

बाराव्या दिवशी सगळं जोडलं. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला. बाबा खुर्चीवरून सूचना देत होते. "पूर्ण खाली जाऊ दे. मध्येच सोडू नकोस." चौदाव्या किकला ती एकदा खोकली, पार्किंगभर धूर झाला आणि मग सुरूच राहिली. वरच्या मजल्यावरच्या काकू ग्रिलमधून ओरडल्या, "कुणाची गं ही? यांची चेतक का?" त्यांनी आवाज ओळखला होता.

बाबा उठले. एक्सिलेटरवर हात ठेवून दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "स्लो स्पीड जरा जास्त आहे. स्क्रू ड्रायव्हर दे." गेल्या दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तीन दिवसांनी भंगारवाला आला. त्याला जुने टायर आणि केबल दिल्या. स्कूटर टेम्पोतून नव्या घरी गेली. त्या एका पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या मागे ती कशीबशी बसते, रोज सकाळी दोन्ही हलवाव्या लागतात. आरटीओची फाइल तयार आहे, गाडी दाखवायची बाकी आहे. ती पास होईल का, माहीत नाही. तोवर दर रविवारी किक मी मारते आणि पॉइंट कधी घासायचे ते बाबा सांगतात.

तुमच्या जिन्याखाली कोण उभं आहे, ते आज संध्याकाळी बघून या. आणि घरच्यांनी 'देऊन टाक' म्हटलं, तर दार कसं लागलं तेही ऐका.

आरटीओला जाण्याआधी

• आरसी बुक शोधा. गाडी कुणाच्या नावावर आहे ते बघा. मालक हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते.

• चासी नंबर आणि इंजिन नंबर वाचता आले पाहिजेत. गंज काढताना त्यांच्यावर पॉलिश पेपर घासू नका.

• महाराष्ट्रात 15 वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर लागतो. मुदत उलटून गेली असेल, तर उशिराचे जादा पैसेही भरावे लागू शकतात. आधी चौकशी करा.

• विमा (निदान थर्ड पार्टी) आणि पीयूसी हवेच.

• 1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवणं बंधनकारक आहे.

• कागद पूर्ण होईपर्यंत गाडी टेम्पोतूनच न्या. 'इथेच तर जायचंय' असं म्हणून चालवत नेऊ नका.