विहिरीतील नायट्रेट आणि जमिनीच्या वापरातील बदल

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर कणकुंबी हे गाव वसलेले आहे. येथे श्री माऊली देवीच्या देवस्थानाजवळ मलप्रभा नदीचा उगम होतो. येथून निघालेले पाणी सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून पुढे जाते आणि सुमारे ३०० किलोमीटरांच्या प्रवासानंतर कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. याच परिसरातील पश्चिमेकडे उतरणारे ओढे म्हादईस मिळून गोव्याकडे जातात. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारा हा प्रदेश अशा रीतीने दोन दिशांना पाणी पुरवितो.

उगमाचे पाणी निर्मळ असते, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. ती बहुतांशी खरीही आहे. तथापि ही निर्मळता त्या स्थानाची कायमची मालमत्ता नव्हे. वरच्या जमिनीवर असलेली झाडी, पालापाचोळ्याचा थर आणि जिवंत माती यांच्यामुळे ती टिकून राहते. जमिनीचा वापर बदलला की तिच्यातून खाली मुरणारे पाणीही बदलते. हा बदल पाण्यातील नायट्रेट या क्षाराच्या बाबतीत विशेषत्वाने दिसून येतो. तो कसा घडतो आणि त्यास आवर कसा घालावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

नायट्रेट म्हणजे काय?

पिकांच्या वाढीस नत्र लागते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. शेणखत, पालापाचोळा, मलमूत्र किंवा युरिया, यांपैकी कोणत्याही मार्गाने नत्र जमिनीत आले तरी मातीतील सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम अमोनियात व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनियाच्या कणांवर धन विद्युतभार असतो व मातीच्या बारीक कणांवर बहुधा ऋण भार असतो. त्यामुळे माती अमोनियास धरून ठेवते. नायट्रेटवर मात्र ऋण भार असल्याने मातीची त्यावर पकड बसत नाही. ते पाण्यात पूर्णपणे विरघळते. पिकाच्या मुळांनी ते वेळीच उचलले नाही, तर पुढच्या पावसाबरोबर किंवा पाण्याच्या पाळीबरोबर ते मुळांच्या कक्षेखाली उतरते व अखेरीस भूजलास मिळते.

नायट्रेटयुक्त पाण्यास रंग, वास किंवा वेगळी चव नसते. त्यामुळे पाणी नितळ व गोड लागते म्हणून ते पिण्यायोग्य आहे, असे मानता येत नाही.

आरोग्याचा प्रश्न

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. दुसरा जलस्रोत उपलब्ध नसला तरीही या मर्यादेत सूट दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा ५० मिलिग्रॅम ठरविली आहे.

सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बालकांना असतो. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट बनते. हे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते आणि बालकाचे ओठ, नखे व त्वचा निळसर दिसू लागतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी असलेला या आजाराचा संबंध प्रथम दाखवून दिला. त्या बालकांना विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध दिले जात होते. अंगावरचे दूध पिणाऱ्या बालकास हा धोका नसतो. म्हणून पहिले सहा महिने बालकास केवळ आईचे दूध द्यावे, हा आरोग्य खात्याचा सल्ला या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. बालकात निळेपणाची चिन्हे दिसल्यास त्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, परंतु नायट्रेट नाहीसे होत नाही. उलट काही पाण्याची वाफ झाल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी फिरवून किंवा ब्लीचिंग पावडर टाकूनही ते जात नाही. विशिष्ट यंत्रांनी ते वेगळे काढता येते. पण ही यंत्रे खर्चिक असतात व त्यांतून निघणाऱ्या दूषित पाण्याचा प्रश्न शिल्लक राहतो. एकदा विहिरीत उतरलेले नायट्रेट काढण्यापेक्षा ते उतरू न देणे, हाच गावास परवडणारा मार्ग होय.

जंगल तुटल्यावर काय होते?

जंगलात नत्राचे चक्र आपल्याआपण चालू असते. पाने गळतात, कुजतात, त्यांतून सुटलेले नत्र मुळे पुन्हा उचलतात. वर्षभर जमिनीत जिवंत मुळे असल्याने खाली निसटणारे नत्र अल्प असते. झाडे तोडली की नत्र उचलणारी मुळे नाहीशी होतात. उघड्या पडलेल्या मातीत ऊन व हवा शिरून साठलेला सेंद्रिय अंश मात्र अधिक वेगाने कुजू लागतो.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक येथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका लहान पाणलोटातील संपूर्ण जंगल तोडून ते पुन्हा वाढू न देण्याचा प्रयोग करण्यात आला. तेथे खताचा एक कणही टाकलेला नव्हता. तरीही ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेट चाळीस पटींहून अधिक वाढले व पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेले. नायट्रेटचा प्रश्न केवळ रासायनिक खतांमुळे उद्भवतो ही समजूत अपुरी आहे, हे या प्रयोगावरून स्पष्ट होते. ज्या मुसळधार पावसावर कणकुंबीची वनराई पोसली जाते, तोच पाऊस उघड्या जमिनीतील नत्र सर्वांत वेगाने धुऊन नेतो. म्हणून घाटमाथ्यावर जंगलाचे आच्छादन राखणे हे पाण्याच्या गुणवत्तेचेही काम आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. त्याकडे पाहताना वन्य प्राण्यांबरोबरच खालच्या विहिरींचाही विचार झाला पाहिजे.

भातखाचरापासून ऊसापर्यंत

खानापूरच्या पश्चिम भागात भात हे परंपरागत पीक आहे. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी साचून राहते, तेथे मातीत हवा कमी असते. अशा जमिनीत नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते आणि बनलेल्या नायट्रेटपैकी बराच भाग जीवाणूंकरवी निरुपद्रवी नत्रवायू होऊन हवेत परत जातो. शिवाय चिखलणीमुळे तळाचा थर घट्ट होऊन पाझर कमी होतो. याच खाचरात भाताऐवजी ऊस, मिरची किंवा भाजीपाला घेतला की जमिनीत हवा खेळू लागते, नायट्रेट वेगाने बनते आणि खताची मात्राही वाढते. मालक तोच, शेत तेच, बांधही तेच. परंतु खाली झिरपणारे पाणी वेगळे झालेले असते.

वापर बदलल्याचे याहून मोठे उदाहरण जिल्ह्याच्या वायव्य टोकास निपाणी परिसरात पाहावयास मिळते. निपाणीची ख्याती विडीच्या तंबाखूमुळे झाली. १९८१ साली श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले, त्या वेळी तंबाखू हेच येथील प्रमुख नगदी पीक होते. पुढे दूधगंगा व वेदगंगा या नद्यांचे पाणी उपशाने शेतापर्यंत पोहोचले, साखर कारखाने उभे राहिले आणि जिरायत रानांची जागा मोठ्या प्रमाणावर ऊसाने घेतली. या बदलाने शेतकऱ्याच्या हाती हमखास पैसा आला, हे मान्यच केले पाहिजे. त्याबरोबर जमिनीत जाणाऱ्या नत्राचा हिशेबही बदलला, इतकेच येथे सांगावयाचे आहे.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार आडसाली ऊसास हेक्टरी ४०० किलो, तर कोरडवाहू रब्बी ज्वारीस ५० किलो नत्र द्यावे लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबाने ज्वारीस सुमारे अडीच गोण्या, तर ऊसास जवळपास १९ गोण्या युरियाएवढे नत्र लागते. टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या उपयोगी पडणारा भाग बहुधा निम्म्यापेक्षा कमी असतो. उरलेले काही मातीत राहते, काही हवेत जाते आणि काही पाण्याबरोबर खाली उतरते. पाटाने भरपूर पाणी देण्याची सवय असेल तर हा शेवटचा भाग वाढतो. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी वरच्या थरातील नायट्रेटसह थेट मुरुमापर्यंत पोहोचते.

या निसटणाऱ्या नत्राचे मोल एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. ४५ किलो युरियात सुमारे २१ किलो नत्र असते. त्याचा केवळ दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलो नत्र, खाली उतरले तर त्यापासून सुमारे ९ किलो नायट्रेट तयार होते. दोन लाख लिटर नायट्रेटविरहित पाणी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेण्यास एवढे नायट्रेट पुरेसे आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते अंदाजे ८५ हजार लिटर भरते. म्हणजे अशा दोन विहिरींच्या पाण्याला एका गोणीचा दहावा हिस्सा पुरून उरतो.

गावठाणातील नत्र

शेतापासून दूर असलेल्या विहिरीतही नायट्रेट आढळते. त्याचे मूळ बहुधा गावातच असते. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाकाठी साधारण अडीच ते चार किलो नत्र बाहेर पडते. सहा-सात माणसांच्या कुटुंबाचे हे नत्र युरियाच्या एका गोणीच्या जवळपास जाते. गुरांचे याहून कितीतरी अधिक असते. शौचालयाचा शोषखड्डा, गोठ्यातील मूत्राची वाट व उकिरडा ही तिन्ही विहिरीच्या वरच्या अंगास असतील, तर त्यांतील नत्र विहिरीकडेच येणार. जांभ्याची छिद्रे आणि भेगाळ खडक यांतून ते फारसे गाळले न जाता पुढे सरकते. बेळगाव–चोर्ला–गोवा मार्गासारख्या रहदारीच्या रस्त्यालगत नवी घरे, खानावळी व निवासस्थाने उभारताना सांडपाणी कोठे मुरणार, याचा विचार बांधकामापूर्वीच झाला पाहिजे.

हा प्रश्न किती व्यापक आहे, याची कल्पना केंद्रीय भूमिजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालावरून येते. देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. अशा जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये ३५९ होती, ती २०२३ मध्ये ४४० झाली. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे.

काय करावे?

शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात. नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवून ती एकदम न देता हप्त्यांनी द्यावी व मातीआड करावी. मोठा पाऊस अपेक्षित असताना किंवा भरपूर पाणी देण्याच्या आदल्या दिवशी युरिया टाकू नये. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियास निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक आहे. त्यामुळे नायट्रेट बनण्याचा वेग कमी होतो, परंतु मात्रेत बेसुमार वाढ केल्यास त्याचाही उपयोग होत नाही. ऊसाचे पाचट न जाळता सरीत कुजवावे. कुजताना ते मातीतील मोकळे नत्र काही काळ धरून ठेवते. भाताच्या कापणीनंतर ओल असेल तेथे रान मोकळे न ठेवता वाल, मसूर किंवा हरभरा यांसारखे पीक घ्यावे. म्हणजे जमिनीत जिवंत मुळे राहतात. ओढ्याकाठी व विहिरीभोवती गवत आणि झाडांचा पट्टा राखावा.

विहिरीच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर आठ सेंटिमीटर खोलीच्या एका पाळीतून हेक्टरी सुमारे आठ किलो नत्र पिकास मिळते. दहा पाळ्यांत ते ८० किलो होते. असे पाणी पिण्यास अयोग्य ठरले तरी शेतात ते खतच आहे, आणि तेवढे नत्र खताच्या मात्रेतून वजा केल्यास पैसाही वाचतो व विहीरही हळूहळू सुधारते.

ग्रामपंचायतींनी पिण्याच्या पाण्याची विहीर व शोषखड्डा यांत किमान १५ मीटर अंतर राखावे. भेगाळ खडकात ते आणखी वाढवावे. उकिरडे विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगास न्यावेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचाने नायट्रेटचाही अंदाज घेता येतो. पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर करावी आणि दोन्ही आकडे चावडीवर लावावेत. संशयास्पद नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. अहवाल वाचताना एक दक्षता घ्यावी : काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ तर काही ‘नायट्रेटमधील नत्र’ असा आकडा देतात. पहिल्याची मर्यादा ४५ आणि दुसऱ्याची सुमारे १० मिलिग्रॅम आहे.

शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक उपयुक्त उपक्रम करवून घेता येईल. गावातील प्रत्येक पिण्याच्या विहिरीभोवती शंभर मीटरांपर्यंतची जमीन कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा काढावा. त्यात शेत, पीक, गोठा, उकिरडा, शौचालय व पडीक जागा दाखवावी. वृद्धांना विचारून तीस वर्षांपूर्वी तेथे काय होते, तेही नोंदवावे आणि शेजारी पाण्याच्या तपासणीचे आकडे लिहावेत. असा नकाशा दरवर्षी पुढे चालू ठेवल्यास जमिनीचा वापर आणि पाणी यांचा संबंध कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक स्पष्टपणे कळेल.

भूजल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते बिघडल्याचे उशिरा समजते. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नांगरलेल्या गवताळ रानांतील नायट्रेट खोल खडकांतून पाण्यापर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागली. आपल्याकडील उथळ विहिरींना असा दीर्घ अवधी लागत नाही. त्या लवकर बिघडतात, पण वरच्या जमिनीची काळजी घेतल्यास लवकर सुधारूही शकतात. कणकुंबीच्या माथ्यावरील झाड असो वा निपाणीच्या रानातील सरी असो, तेथे घेतलेला प्रत्येक निर्णय कोणाच्या तरी घागरीत उतरत असतो. जंगल तोडण्यापूर्वी, पीक बदलण्यापूर्वी अथवा नवे घर बांधण्यापूर्वी ग्रामसभेने त्या जागेच्या खालच्या अंगास कोणाची विहीर आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. गावचे पाणी राखण्यास तेथूनच प्रारंभ होतो.