बॅग धरता का जरा?

परवा हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या मोबाइलची बॅटरी फुगली. मागचं कव्हर वर आलं, तर बाईसाहेबांनी त्यावर दोन जाडजूड पुस्तकं ठेवली! म्हणे, "दाबली की बसेल." मी आधी पुस्तकं उचलली. का, ते सांगते. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या.)

पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट बॅटरीतही असतं. कार्बनचे पातळ थर एकावर एक, मध्ये जेमतेम ०.३३५ नॅनोमीटर अंतर. मी रोज बोईसरहून पालघरला लोकलने येते. गर्दीत उभी असलेली बाई बसलेलीला म्हणते, "बॅग धरता का जरा?" आणि स्वतः सीटांच्या मध्ये उभी राहते. लिथियमचं अगदी असंच. चार्जिंगच्या वेळी त्याचे आयन बॅटरीतल्या द्रवातून थरांमध्ये शिरतात. त्यांचे इलेक्ट्रॉन मात्र वायरने येतात आणि कार्बनच्या थरांकडे राहतात. म्हणजे माणूस एका दाराने, बॅग दुसऱ्या दाराने! मोबाइल वापरताना दोघं तसेच परततात. वायरमधून जाणारे ते इलेक्ट्रॉन म्हणजेच आपला करंट.

पण या बॅगांमुळे ग्राफाइटचा स्वभावच बदलतो. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात. नवे आले की ते रिकाम्या ऊर्जापातळ्या भरतात आणि ग्राफाइट धातूसारखं वागू लागतं. रंगसुद्धा बदलतो: आधी काळपट, मग निळा, लाल, आणि सहा कार्बनमागे एक लिथियम झालं की चक्क सोनेरी! लिथियमऐवजी कॅल्शियम घातलं तर ११.५ केल्विनखाली विजेला रोधच उरत नाही, हे २००५ मध्ये दिसलं. थरांत लिथियम घालून बॅटरी करण्याची वाट १९७० च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड वापरून दाखवली. २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, गुडइनफ आणि योशिनो यांना मिळालं.

आता फुगण्याचं. लिथियम शिरलं की थरांमधलं अंतर ०.३७ नॅनोमीटर होतं, साधारण दहा टक्के जास्त. ते नेहमीचंच, डोळ्यांना दिसतही नाही. कव्हर उचलतो तो गॅस. उष्णतेने आतला द्रव बिघडतो आणि गॅस तयार होतो. आपल्याकडच्या उकाड्यात उशीखाली चार्जिंग म्हणजे त्याला आमंत्रणच. वरून दाबलं तर आतले पडदे फाटून शॉर्ट सर्किट होऊ शकतं, आगही लागू शकते.

तेव्हा बॅटरी फुगली तर चार्जर काढा, मोबाइल बंद करा, गादीपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. टोचू नका, दाबू नका. जाडी पुस्तकं परीक्षेला लागतीलच!