जिममधल्या नजरा

मोठ्या खंडानंतर जिममध्ये पाऊल टाकणाऱ्याला वाटतं, सगळे आपल्याच सुटलेल्या पोटाकडे बघताहेत. मानसशास्त्रज्ञांनी हा भास चक्क मोजला आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर काही जण बसलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असणार, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात तो टिपला जेमतेम पाव जणांनी! हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

स्वतःचं अवघडलेपण माणसाला आतून तीव्रतेने जाणवतं आणि इतरांच्या नजरेचा अंदाज तो तिथूनच बांधतो. शेजारचा मात्र स्वतःच्याच डंबेलमध्ये गुंतलेला असतो.

तेव्हा जिममध्ये परतताना हलकी वजनं उचलायला मुळीच संकोच नको.