मुलांचा ताप आणि पॅरासिटामॉल

मात्रा वजनावर ठरते

● ताप म्हणजे शरीराचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त.

● पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत ४ ते ६ तासांचे अंतर. २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत.

● शिरूर अनंतपाळच्या मेडिकलमध्ये काय किंवा मुंबईत काय, खरा घोळ बाटलीवरच्या आकड्यात होतो. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे असते आणि २५० चेही. १० किलोच्या मुलाला पहिले ४ ते ६ मिलिलिटर, दुसरे २ ते ३. थेंबांचे औषध त्याहून तीव्र: बहुधा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. मोजायला बाटलीसोबतचे माप किंवा सिरिंज. घरातला चमचा नाही.

● सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही दिल्यास मात्रा दुप्पट होऊन यकृताला इजा होऊ शकते.

● आयबुप्रोफेन सहा महिन्यांखालील बाळाला आणि डेंग्यूच्या संशयात टाळतात. अ‍ॅस्पिरिन मुलांना देत नाहीत. कारण रेय सिंड्रोम या गंभीर आजाराचा धोका.

● निमेसुलाइड: १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी.

● तीन महिन्यांखालील बाळाला ताप, किंवा कोणत्याही वयाच्या मुलाला झटके, गुंगी, धाप किंवा लघवी कमी होणे: थेट डॉक्टरकडे. रुग्णवाहिकेसाठी १०८.