‘लोकरीचे पैसे देते, तू फक्त कर’ आणि क्रोशेबद्दलचे इतर गैरसमज

एक सुई, एक गुंडी आणि बोटांना लागलेली सवय, एवढ्यावर क्रोशे चालतं. लोकलमध्ये करता येतं, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत करता येतं, गप्पा मारतामारता तर हमखास होतं. त्यामुळेच असेल, पण या कामाला कोणी फारसं मनावर घेत नाही. बाळंतविड्यातलं टोपरं, दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल इथवर ठीक. स्वतःच्या डोक्याने अंगात घालायचा कपडा बेतायला घेतला, की मात्र चहूकडून समजुती ऐकू येऊ लागतात. काही निरुपद्रवी असतात, काही कपडा बिघडवतात आणि एकदोन सरळ करणारीच्या पोटावर पाय आणतात. शेवटच्या प्रकारापासून सुरुवात करू.

‘दुकानात स्वस्त मिळतं ते मशीनवरचं असतं’

सुयांवरच्या विणकामाचं यंत्र फार जुनं आहे. विल्यम ली या इंग्रज धर्मोपदेशकाने मोजे विणायची चौकट 1589 साली बनवली. क्रोशेसाठी मात्र चारशेहून अधिक वर्षांनंतरही कारखान्यात बसवण्याजोगं यंत्र आलेलं नाही. प्रयोग झाले आहेत, पण ते प्रयोगशाळेतच आहेत. कारण टाक्याच्या घडणीतच आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर ओळीने उभे असतात, म्हणजे पुढचा टाका कुठे आहे हे यंत्राला शोधावं लागत नाही. क्रोशेत एका वेळी एकच फास सुईवर असतो. पुढच्या टाक्यासाठी खालच्या ओळीतल्या नेमक्या दोन धाग्यांखाली सुई घालावी लागते आणि ती जागा दरवेळी किंचित हललेली असते. बोटांना ती चाचपून कळते, यंत्राला कळत नाही. कापड उद्योगात ‘क्रोशे मशीन’ म्हणून जे विकतात, त्यातून क्रोशेसारखी दिसणारी लेस आणि पट्टी निघते. तिची वीण वेगळीच असते.

म्हणजे मॉलमध्ये टांगलेला ग्रॅनी स्क्वेअरचा, म्हणजे क्रोशेचे चौकोन जोडून केलेला टॉप खरोखर क्रोशेचा असेल, तर त्यातला प्रत्येक टाका कोणीतरी हाताने घातलेला आहे. तो स्वस्त असेल, तर ती स्वस्ताई बहुतेक वेळा कोणाच्या तरी मजुरीतून आलेली असते.

याचं सर्वांत नीट नोंदलेलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना लेस करायला शिकवलं. पुढे तिथली क्रोशे लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेसवाल्यांचा अभ्यास करून 1982 साली पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं ते असं, की माल जगाच्या बाजारात जातो, व्यापारी श्रीमंत होतात आणि दिवसदिवस राबणाऱ्या बाईला मात्र ‘घरी बसलेली गृहिणी, फावल्या वेळात करते’ असं म्हणून नाममात्र पैसे दिले जातात. काम फावल्या वेळचं ठरवलं की मजुरी द्यायचा प्रश्नच मिटतो. नरसापूरच्या क्रोशे लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिळाला हे चांगलंच झालं. मजुरीचं काय, हा प्रश्न मानांकनाने सुटत नाही.

‘लोकरीचे पैसे दिले की झालं’

हे वाक्य हौशी विणणारीने ऐकलं नाही असं होतच नाही. म्हणणारी व्यक्ती सहसा प्रेमाने म्हणते, म्हणून जास्त अडचण. हिशेब मांडून बघू. मुका खांब या क्रोशेच्या आखूड टाक्याचं साधं, बिनबाह्यांचं जाकीट घ्या. घेराला 147 टाके आणि उंचीला 100 ओळी धरल्या, तर 14,700 टाके झाले. सवयीचा हात मिनिटाला वीसेक टाके घालतो असं मानलं, तर नुसत्या विणण्याला बारा तासांच्या वर वेळ जातो. यात उसवणं नाही, धाग्याची टोकं दडवणं नाही, बटणं नाहीत, धुऊन मापात वाळवणं नाही. बेतणं तर नाहीच. भेट म्हणून द्यायचं असेल तर खुशाल द्या, हौसेला मोल नसतं. पण विकत मागितलं, तर तास मोजूनच दर सांगावा. समोरच्याला महाग वाटलं तरी चालेल.

‘क्रोशे ताणलं जातं, अंदाजाने केलं तरी बसतं’

बसत नाही. वरचंच जाकीट बघा. 10 सेंमी रुंदीत 16 टाके बसतात असं धरून 147 टाक्यांचा बेत केला, तर घेर साधारण 92 सेंमी येतो. तुमचा हात जरा आवळ असेल आणि त्याच 10 सेंमीत 18 टाके बसले, तर तेवढ्याच टाक्यांत घेर 82 सेंमीच्याही आत येतो. फरक दोन टाक्यांचा, पण कपडा एका मापाने लहान झाला. म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणायचा. 10 सेंमीचा नव्हे, चांगला 15 सेंमीचा, आणि मोजायचं मधल्या भागात, कारण कडेचे टाके खोटं बोलतात. तो तुकडा धुवायचा, वाळवायचा आणि मगच मोजायचा. हा कंटाळा टाळणारे पुढे आठ दिवसांचं काम उसवत बसतात.

ताणलं जाण्याची गंमत तर वेगळीच आहे. सुती दोऱ्याला स्वतःची लवचीकता जवळपास नसते आणि वजन मात्र भरपूर असतं. जाळीदार विणीचा लांब सुती अंगरखा आपल्याच भाराने लोंबतो आणि संध्याकाळपर्यंत घेर गुडघ्याकडे सरकलेला असतो. म्हणून नमुन्याचा तुकडा एक दिवस खालच्या कडेला चिमटे लावून टांगून ठेवावा. किती लोंबतो ते आधीच कळतं आणि उंची तेवढी कमी धरता येते.

‘लोकर ती लोकर’

आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गुंड्या मेंढीच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात. त्यात कमीपणा काही नाही. धुवायला सोपी, टिकाऊ, स्वस्त. पण स्वभाव वेगळा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की त्याची लवचीकता कायमची जाते आणि वीण लुळी पडते. शंका असेल तर इंचभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वासते आणि राख चुरते. सूत कागदासारखं जळतं. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

ही गोळी लक्षात ठेवण्याचं कारण आहे. अजूनही कित्येक घरांत बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी देतात, शेगडीवर शेकतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर ॲक्रिलिकची कुंची किंवा टोपरं असता कामा नये. ठिणगी पडली तर ते पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं. बाळंतविडा करणारीने सुती दोरा निवडला तर उत्तमच. आपल्या हवेतही तोच बरा.

‘मोठं माप हवं तर सगळीकडे टाके वाढवायचे’

माणूस फुग्यासारखा सगळीकडून सारखा वाढत नाही. छातीचं माप 10 सेंमीने वाढलं, तरी पाठीची रुंदी, म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, जेमतेम एकदोन सेंमीने वाढतं. गळा त्याहून कमी. सगळे आकडे एकाच पटीने वाढवले, तर मोठ्या मापात खांदे दंडावर उतरतात आणि मुंढा कमरेकडे निघतो. शिंपी हे जाणतो. क्रोशेचे पॅटर्न करणाऱ्या हौशी मंडळींनीही शिंप्याचीच वही उघडायला हवी.

गळ्याभोवतीच्या गोल योकचं गणितही तसंच. मधून बाहेर सपाट गोल विणायचा तर मुक्या खांबात दर फेरीला साधारण 6 टाके वाढवावे लागतात, पूर्ण खांबात, म्हणजे त्याहून उंच टाक्यात, 12. त्याहून कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये ही झालरच कामाला लावली. ठरावीक प्रमाणात टाके वाढवत त्यांनी क्रोशेतून हायपरबोलिक प्रतलाचं, म्हणजे सगळीकडे झालरीसारख्या वळणाऱ्या पृष्ठभागाचं, हातात धरता येईल असं मॉडेल विणलं. तेव्हा योक फुगला तर दोष सुईला देऊ नका, आकडा तपासा.

‘पॅटर्न विकत घेतला म्हणजे तो माझा’

तुमची ती प्रत असते, हक्क लिहिणाऱ्याचा राहतो. लिहिलेला पॅटर्न, आकृत्या आणि फोटो यांना भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं. लिखाणावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो. म्हणून विकतची पीडीएफ भिशीच्या ग्रुपवर टाकणं हे ‘शेअरिंग’ नाही. फुकट मिळालेला पॅटर्नही आपल्या नावाने फिरवता येत नाही. दहावीस टक्के बदल केला की चालतं, ही तर निव्वळ अफवा. कायद्यात अशी टक्केवारी कुठेही नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. खांब, साखळी, शिंपल्याची वीण, ग्रॅनी स्क्वेअर यांवर कोणाचीही मालकी नाही. कल्पनेला कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीला असतो. कपड्याच्या रूपाला संरक्षण हवं असेल तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती आधी 10 वर्षांसाठी मिळते आणि आणखी 5 वर्षं वाढवता येते. यात एक मेख आहे. डिझाइन नवं आणि आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं असावं लागतं. उत्साहाने फोटो जगाला दाखवून नंतर नोंदणीला गेलात, तर सहसा उशीर झालेला असतो.

अर्थात प्रत्येकीने कुलूप लावावं असं नाही. 2020 मध्ये गायक हॅरी स्टाइल्सने घातलेलं जे. डब्ल्यू. अँडरसन या फॅशन कंपनीचं चौकड्यांचं कार्डिगन लोक घरोघरी विणू लागले, कित्येकींनी तर क्रोशेने. कंपनीने कोणाला नोटीस धाडली नाही, पॅटर्नच फुकट जाहीर केला. मूळ कार्डिगन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्याच वर्षी संग्रहात घेतलं.

तुम्हीही आपला बेत वाटणार असाल तर अर्धवट वाटू नका. सुईचा मिमी आकडा, दोऱ्याचा प्रकार आणि ग्रॅम, 10 सेंमीतले टाके आणि ओळी, तयार कपड्याची मापं हे सगळं लिहा. इंग्रजी नावं वापरलीत तर ती ब्रिटिश की अमेरिकी तेही सांगा, कारण ‘डबल क्रोशे’ म्हणजे ब्रिटनमध्ये मुका खांब आणि अमेरिकेत पूर्ण खांब. शेवटी तो कागद अशा मैत्रिणीला द्या, जिने तुमचा कपडा पाहिलेला नाही. तिला तो विणू द्या, शेजारी बसू नका. जिथे अडून तिचा फोन येईल, ती ओळ पुन्हा लिहा.