डोक्यातल्या पाण्याला नवी वाट

परभणी–परळी लोहमार्गावरचे पोखर्णी नृसिंह हे स्टेशन मराठवाड्यातल्या भाविकांच्या ओळखीचे. या गावातल्या एखाद्या तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढू लागले, टाळू फुगली, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो न्यायचे कुठे हा. परभणी, तिथून नांदेड, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नाहीतर थेट मुंबई. मेंदूचा सर्जन जितका लांब, तितके हे दुखणे अवघड. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे मोल या अंतरावरूनच कळते.

‘डोक्यात पाणी झालंय’ असे लोक म्हणतात, तो हा हायड्रोसेफॅलस. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत सतत एक द्रव तयार होतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. तो पोकळ्यांतून वाहत बाहेर येतो आणि रक्तात शोषला जातो. वाट जन्मतःच अरुंद असली, किंवा जंतुसंसर्गाने, रक्तस्रावाने वा गाठीमुळे अडली, की पाणी तुंबते. बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोके वाढते. डोक्यावरच्या शिरा ठळक दिसतात, बुबुळे खाली झुकतात, बाळ उलट्या करते, मलूल पडते.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे शंट. डोक्यातून कातडीखालून पोटात उतरवलेली बारीक नळी आणि तिच्यावर झडप. 1956 मध्ये अमेरिकेत जॉन होल्टर या तंत्रज्ञाने, स्वतःच्या मुलाला हा आजार असल्याने, सिलिकॉनची झडप बनवली. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरचा ‘छाब्रा शंट’ तर गरीब देशांचा आधार ठरला. युगांडात 195 मुलांवर त्याची महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली. वर्षभरानंतरच्या निकालांत दोन्ही बरोबरीचे निघाले.

पण नळी तुंबते, तिला संसर्ग होतो, मूल वाढले की ती कधी अपुरी पडते. मग पुन्हा शस्त्रक्रिया, तीही बहुधा तातडीने. शहरातल्या मुलाला तासाभरात दवाखाना मिळतो. खेड्यातल्या मुलाला तेवढी उसंत मिळेलच असे नाही.

दुर्बिणीने ही नळीच टाळता येते. टाळूजवळच्या लहानशा छिद्रातून दुर्बीण मेंदूच्या पोकळीत जाते, तिथून तिसऱ्या पोकळीत. तिचा तळ पातळ पडद्यासारखा असतो. त्याला भोक पाडून चिमुकल्या फुग्याने ते रुंद केले, की पाणी अडलेली जागा टाळून बाहेर पडते. पडद्याच्या लगेच खाली मेंदूची मोठी रक्तवाहिनी असते, म्हणून हात कसलेला हवा. 1923 मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी नऊ महिन्यांच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया केली, तीही मूत्रमार्ग तपासण्याच्या दुर्बिणीने! चांगल्या भिंगांची दुर्बीण आल्यावरच ती खऱ्या अर्थाने रुजली. आपल्याकडे ती रुजवणाऱ्यांत मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. चंद्रशेखर देवपुजारी यांचे नाव घेतले जाते.

मात्र ती सगळ्यांना लागू पडत नाही. मेंदूचे सर्जन अभय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यशाचा अंदाज बांधणारी गुणपद्धत मांडली. वर्ष उलटलेले, जन्मजात अरुंद वाटेचे आणि आधी शंट न बसवलेले मूल शंभरपैकी 80 गुण मिळवते. महिन्याच्या आतल्या, जंतुसंसर्गातून आजार झालेल्या बाळाला जेमतेम 10 मिळतात. क्षयाच्या मेंदूज्वरातही मेंदूचा तळ चिकट स्रावाने भरलेला असतो, त्यामुळे भोक पाडणे कठीण जाते.

लहान बाळांसाठी सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातल्या एमबाले इथे या शस्त्रक्रियेला जोड दिली: भोक पाडतानाच पाणी तयार करणारा भाग जाळून कमी करायचा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 100 बाळांच्या चाचणीत, वर्षभरानंतर बौद्धिक वाढीच्या बाबतीत ही पद्धत आणि शंट यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

युगांडात अनेक बाळांचा आजार नवजात वयातल्या जंतुसंसर्गातून आलेला होता. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेतल्यास असा संसर्ग आणि मृत्यू रोखता येतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिले होते. आज आशाताई घरोघरी जातात त्यामागे तेच काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात.

आजार वेळीच ओळखायला गावात लागते ती साधी मोजपट्टी. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 33 ते 35 सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे 2 सेंटीमीटर वाढतो, पुढचे तीन महिने सुमारे 1. वाढ याहून बरीच जास्त दिसली, तर टाळू उघडी असेतोवर साध्या सोनोग्राफीतही तुंबलेले पाणी दिसते. पुढे मोठ्या दवाखान्यात जाताना मापांचे कार्ड सोबत न्यावे आणि आपल्या बाळाला भोक चालेल की नळीच लागेल, हे सर्जनला विचारून घ्यावे. पाडलेले भोकही बुजू शकते, बहुधा पहिल्या काही महिन्यांत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावरही घेर मोजत राहावा लागतो. उलट्या किंवा गुंगी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता निघावे लागते.