हुकलेला हंगाम

महामारीत शिक्षण थांबले नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. वर्ग मोबाइलवर भरले. २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या, तरी निकाल लागले. बुडाले ते मैदान. टक्केवारीची चाळण लावून प्रवेश देणाऱ्या नामवंत महाविद्यालयांत तर त्याची कुणी चौकशीही केली नाही. तिथे खेळ म्हणजे ताटातली चटणी. नसली तरी जेवण अडत नाही, असा समज!

गगनबावड्याला हे नुकसान जरा अधिकच झोंबते. कोल्हापूर जिल्ह्यातला हा सर्वांत पावसाळी तालुका. चार महिने मैदानात पाय ठेवता येत नाही. इथले हुशार पोर अभियांत्रिकीसाठी कोल्हापुरात गेले, की त्याला पदवीच्या वाटेबरोबर सपाट धावपट्टीही मिळते. मार्च २०२० मध्ये वसतिगृहे बंद झाली आणि अशी मुले वळकट्या बांधून घरी परतली.

आमच्या ओळखीतली एक मुलगी त्यांतलीच. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आठशे मीटर पळायची. दिवसा रेंज शोधत टेकाडावर बसून व्याख्याने ऐकायची आणि पहाटे करूळ घाटाच्या रस्त्यावर धावायची. जिल्हाबंदीमुळे कोकणाकडची वाहने तुरळक. चढावर दमसास वाढतो हे खरे. पण शर्यतीचा वेग अंगात मुरायला सपाट पट्टी लागते, बरोबरीला चार जणी लागतात. तिसरे वर्ष स्पर्धेविना गेले. जुलै २०२१ मध्ये महापुराने कोल्हापूरची वाट अडवली. पुढे स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा हिच्या नोकरीच्या मुलाखती चालू होत्या.

ही काही एकट्या घाटमाथ्याची कथा नव्हे. आयआयटींचा आंतर-आयआयटी क्रीडा मेळावा २०२० आणि २०२१ मध्ये झाला नाही. तो भरला थेट डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे २०२० साली दाखल झालेल्या मुलाच्या चार वर्षांतली दोन कोरडी. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला झाल्या, त्यानंतरच्या एप्रिल २०२२ मध्ये बंगळुरूला.

अमेरिकेत हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने जुलै २०२० मध्ये आधी शरद ऋतूतले सामने आणि नोव्हेंबरमध्ये हिवाळ्यातलेही रद्द केले. तिकडच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेने खेळाडूंना पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले. पण आयव्हीचा नियम असा, की पदवी मिळाली की खेळ संपला. काहींनी शिक्षणात खंड घेतला, काही दुसऱ्या विद्यापीठांत गेले. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये लीगने अंतिम वर्षाच्या खेळाडूंपुरता, एकदाच, तो नियम शिथिल केला. उशिरा का होईना, पण केला. मला हे महत्त्वाचे वाटते.

बँकेत माझी हयात मुदत ठेवींच्या पावत्यांत गेली. पावतीची मुदत संपली, तर नूतनीकरण होते. खेळाडूच्या प्रमाणपत्राचे तसे नाही. खेळाडूंच्या भरतीचे अर्ज आले, की आम्ही कामगिरीआधी तिचे साल पाहत असू. जुने असले, की अर्ज बाजूला. ‘त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही’ असे लिहायला एखादा रकाना मी कुठल्याच अर्जात पाहिला नाही.

ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. पगार चांगला आहे. रविवारी सकाळी धावते म्हणाली. आठशे मीटरची वेळ मात्र तिने पुन्हा लावून पाहिलेली नाही.